पोलरॉइड आय-टाइप कलर फिल्म : तीन पॅक संपल्यावर

ही फिल्म पोलरॉइडच्या कॅमेऱ्यात घालायची, बटण दाबलं की फोटो तिथल्या तिथे बाहेर येतो. पहिल्या पॅकचे आठच्या आठ फोटो वाया गेले आणि त्यात फिल्मचा काहीच दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. भर उन्हाळ्यात पॅक गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात आठवडाभर विसरलो होतो. फोटो निघाले ते हळदीत बुचकळून काढल्यासारखे, सगळ्यांना कावीळ झालेली. तेव्हा कॅमेऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मग सूचना वाचल्या आणि गप्प बसलो.

तर ही फिल्म म्हणजे दूध समजा. ४ ते १८ डिग्रीत, म्हणजे सरळ फ्रीजमध्ये, सीलबंद आणि आडवी ठेवायची. फ्रीझरमध्ये अजिबात नाही, प्रत्येक फोटोच्या खालच्या जाड पांढऱ्या पट्टीत केमिकलची पेस्ट भरलेली असते, ती गोठली की खेळ खलास. डब्यावर उत्पादनाची तारीख असते ती बघूनच घ्या, वर्षभरात वापरून टाकलेली बरी. आणि फ्रीजमधून काढली की लगेच कॅमेऱ्यात कोंबू नका, तासभर बाहेर राहू दे.

दुसरा पॅक असा नीट ठेवला आणि फरक बघून चाटच पडलो. त्वचेचे रंग मऊ, सावल्यांत थोडी निळसर झाक, ते जे काय असतं ना पोलरॉइडचं, ते आलं. पण त्यातलेही दोन फोटो घालवलेच, कारण थंडीत पहाटे गच्चीवर काढले आणि तसेच कठड्यावर ठेवून दिले, फिके आणि निळे पडले. १३ डिग्रीच्या खाली असंच होतं, २८ च्या वर गेलं की पिवळं-लाल. आता थंडीत फोटो निघाला की तो थेट जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

आणि फोटो लवकर वाळावा म्हणून तो हातात धरून हलवायचा प्रकार बंद करा राव! चित्र प्लास्टिकच्या आत बंद असतं, वाऱ्याने वाळायला तिथे काहीच नाही, उलट वाकवलं-झटकलं तर आतले थर सुटतात. बाहेर येताना वरचं काळं झाकण त्याला उजेडापासून वाचवतं, त्याखाली चार-पाच सेकंद राहू दे, मग उलटा करून ठेव आणि विसर. पंधरा मिनिटं लागतात. मी दर दोन मिनिटांनी उचलून बघायचो, आधी नुसता निळसर धुरकट पडदा, मग त्यातून केस आणि भुवया डोकावतात, चेहरा सगळ्यात शेवटी. आता बघत नाही, (खोटं, बघतो.)

दर फोटोवर ठरावीक अंतराने ठिपके येत असतील तर फिल्मला दोष देण्याआधी कॅमेऱ्यातले रोलर पुसा, फोटो ज्यांच्यामधून दाबला जाऊन बाहेर येतो ते. पेस्ट पसरवायचं काम तेच करतात, त्यांना वाळकं केमिकल चिकटलं की प्रत्येक फोटोवर तोच डाग. मऊ कापड किंचित ओलं करून पुसलं, झालं.

घाई असेल, लग्नाकार्यात पाहुण्यांना हातोहात फोटो द्यायचे असतील तर फुजीची इन्स्टॅक्स मिनी (असाच झटपट फोटो देणारी, पण कॅमेरा वेगळा) घ्या सरळ, पॅकमध्ये १०, दीडेक मिनिटात चित्र तयार, आणि उन्हाथंडीचे नखरेही कमी. जुन्या पोलरॉइडने २००८ साली फिल्म बनवणं थांबवलं, नंतर नेदरलँड्समधला कारखाना वाचवणाऱ्यांना जुनी रसायनं मिळेनात म्हणून फॉर्म्युला नव्याने बसवावा लागला, त्यामुळे हिचा नखरा समजू शकतो. पण आठच फोटो आणि त्यात पंधरा मिनिटं, म्हणून एक तारा कापला. पाचातले चार.

तिसऱ्या पॅकचे सगळे आठ चांगले आले. लगेच अल्बमच्या प्लास्टिकमध्ये कोंबले नाहीत, आतला ओलावा पूर्ण जायला महिनाभर लागतो, तोवर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवलेत. पुढचा पॅक फ्रीजमध्ये भाजीच्या ड्रॉवरच्या वर आहे, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, खायचं नाही.