‘शिवकालीन’ खंडा म्हणून ८५ हजारांना फसवलं, दसऱ्याआधी हे वाचा

२०२५ मध्ये राज्य सरकारने रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाखांना परत आणली, तेव्हा आमच्या घरात सणासारखा आनंद होता. खंडेनवमीच्या पूजेत एक तरी खरं जुनं हत्यार असावं, ही वडिलांची फार वर्षांची इच्छा. त्याच सुमारास ओळखीच्या ओळखीतून एक विक्रेता घरी आला. म्हणाला, ‘सरदार घराण्यातला खंडा आहे. वाटण्या झाल्या, म्हणून काढतायत.’

लाल मखमलीतून त्याने तो बाहेर काढला. सरळ दुधारी पातं, टोकाकडे रुंद होत गेलेलं. मुठीच्या कटोरीतून वर आलेला वीतभर गज. उजवा हात मुठीत, डावा गजावर, असा दोन्ही हातांनी घाव कसा घालायचा ते त्याने करून दाखवलं. ती माहिती खरी होती, म्हणून पुढचंही सगळं खरं वाटलं. पात्यावर कोरलं होतं, ‘श्री जगदंबा प्रसन्न सन १६७४’. वडिलांनी ते वाचलं आणि हात जोडले. मग मला नाही म्हणवेना.

खंडा जड लागत होता. तसं बोललो तर उत्तर तयार, ‘साहेब, जेजुरीचा खंडा ४२ किलोचा आहे!’ अहो, तो देवाचा, दसऱ्याला उचलून दाखवायचा. लढणाऱ्याचं हत्यार बहुधा सव्वा-दीड किलोच्या आसपास असतं. आमचा पावणेतीन किलो भरला, तोही पैसे दिल्यावर. पावती मागितली तर ‘कायद्याची भानगड नको’ म्हणाला. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचे पुरावशेष, म्हणजे जुन्या ऐतिहासिक वस्तू, विकायच्या धंद्याला परवाना लागतो. त्याच कायद्याचं नाव घेऊन त्याने आम्हाला गप्प बसवलं.

महिन्याभराने पुण्यातल्या एका शस्त्रसंग्राहक काकांकडे खंडा घेऊन गेलो. त्यांनी आधी सन वाचला आणि मान हलवली. १६७४ हा इसवी सन. राज्याभिषेकाचं ते वर्ष आपल्याला शाळेपासून पाठ, पण तेव्हाचा माणूस शके १५९६ लिहील, नाहीतर शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली कालगणना. मग भिंग माझ्या हातात दिलं. पातं सगळीकडे सारखंच तांबूस गंजलेलं, पण कोरलेल्या अक्षरांच्या तळाशी लोखंड लख्ख चमकत होतं. म्हणजे अक्षरं परवाची, आणि गंज अॅसिड लावून आणलेला. जुना गंज काळपट असतो, कुठे खोल खड्डे पाडतो तर कुठे नुसता डाग. त्यांनी पात्याची जाडी मुठीपाशी आणि टोकापाशी मोजली. दोन्हीकडे जवळजवळ सारखी. हाताने घडवलेलं पातं टोकाकडे पातळ होत जातं, हे पट्टीतून कापलेलं होतं. शेवटी मूठ जराशी हलवली. जुन्या मुठीत पातं राळेने किंवा लाखेने बसवतात. इथे फटीतून करड्या एम-सीलचा तुकडा गळून टेबलावर पडला. वडील शेजारीच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘पोलिसांत जा, विनापावती घेतलंत म्हणून तुम्हीच अडकाल.’ दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. तरीही मी तक्रार दिली आहे, खंडा आणि फोटो दोन्ही जमा केलेत.

गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या एका मित्राने विकायला आलेल्या ‘घराण्यातल्या’ खंड्याचा फोटो पाठवला. घराणं वेगळं सांगितलंय. मखमल तीच लाल, आणि पात्यावर तेच ‘सन १६७४’.