यास बेटावरचा विंड टनेल: स्कायडायव्हिंगचा एएफएफ कोर्स करणाऱ्यांचे पैसे वसूल, पण मनगटाकडे बघायला विसरू नका

मी फोंड्याची. आपल्याकडे कळंगुटला बोटीला बांधून पॅरासेलिंग करतात ते वेगळं आणि विमानातून उडी मारणं वेगळं, हे आधी सांगते कारण वाड्यावर सगळ्यांना दोन्ही एकच वाटतं. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी 2018 मध्ये पट्टायाला नऊवारी नेसून उडी मारली त्याचा व्हिडिओ बघून मला हे वेड लागलं, नि गेल्या वर्षी मीही थायलंडला जाऊन एएफएफ कोर्स सुरू केला, म्हणजे एकट्यानं उडी मारायला लेव्हल-लेव्हलनं शिकवतात तो. पहिल्या दोन लेव्हल नीट गेल्या, तिसरीत अडकले. तिसरीत दोन्ही इन्स्ट्रक्टर हवेत तुम्हाला सोडतात, आणि मला सोडलं रे सोडलं की मी गोल फिरायला लागायचे. दोनदा तेच झालं, दोन्ही वेळा रिपीटचे पैसे भरायची पाळी. आणि काय चुकतंय ते शोधायला वेळच नसतो हो, 13 हजार फुटांवरून उडी, साडेपाच हजाराच्या आसपास पॅराशूट, मधे मिळतात जेमतेम 40-45 सेकंद, त्यातले पहिले दहा भीतीतच जातात.

मावसभाऊ अबुधाबीला नोकरीला आहे, त्याच्याकडे राहून यास बेटावरच्या क्लाइम्ब नावाच्या ठिकाणी विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून वारा सोडून माणसाला हवेत तरंगवतात त्या काचेच्या नळ्यात, 15 मिनिटं घेतली, कोचसकट. हिशोब करा, 15 मिनिटं म्हणजे माझ्या 20 उड्यांइतका हवेतला वेळ, तोही एका दुपारी, पॅराशूट घडी करणं नाही, विमानाची नि ढग हटायची वाट बघणं नाही. 2019 ला सुरू झालंय हे, उडायची जागा 32 फूट रुंद आणि 104 फूट उंच, चहूबाजूंनी काच, पायाखाली जाळी आणि खालून ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा वारा. सलग 15 मिनिटं उडायचं नसतं, दोन मिनिटं आत, मग बाहेर बाकावर बसायचं, दुसऱ्याची पाळी, परत आत. सलग मागूही नका, मला तर पाचव्या पाळीनंतर हात वर उचलवत नव्हते.

दुसऱ्या पाळीत मी नेहमीसारखी फिरायला लागले. कोचनं माझ्या डाव्या पोटरीवर हात टेकवला आणि तोंडासमोर दोन बोटं सरळ करून दाखवली, म्हणजे पाय लांब कर. मला अगदी शपथेवर वाटत होतं की दोन्ही पाय सारखेच आहेत, पण डावा पार गुडघ्यातून दुमडलेला होता. लांब केला आणि फिरणं थांबलं. समोरच्या काचेवर कुणाच्या तरी बोटांचा एक डाग होता, तो माझ्या नाकासमोरून हलेना. तेवढा एक डाग स्थिर बघायला मी दोनदा थायलंडला पैसे भरले होते, मला आतल्या आत रडायला आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे अंग सैल सोडणं. लहानपणी खांडेपारच्या नदीत काका पोहायला शिकवायचे, ताठ झालं की बुडते, "आंग सोड गो" म्हणून ओरडायचे, इथे हवेतही अगदी तेच आहे, ताठ झालं की डगमगायला लागतं. घरी सोप्यावर पोटावर झोपून छाती नि पाय उचलून कितीही सराव केला तरी हे कळत नाही, कारण खालून ढकलणारा वारा नसतो.

आता जे टनेलमध्ये मिळत नाही ते. विमानातून बाहेर पडल्यावर वारा आधी समोरून येतो, पूर्ण वेग यायला दहा-बारा सेकंद लागतात, टनेलमध्ये तो सदा खालूनच. पॅराशूट उघडल्यावर ते चालवणं, उतरणं, यातलं इथे काहीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टनेलमध्ये उंची कमी होत नाही. मी परत गेले, तिसरी लेव्हल झकास पास झाले, पण चौथीत मजेत उडत राहिले नि मनगटावरचं अल्टीमीटर (उंची दाखवणारं यंत्र) बघायचंच राहिलं, इन्स्ट्रक्टरनं समोर येऊन बोट दाखवलं तेव्हा पॅराशूट ओढायला हात मागे गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून पुढच्या खेपेला मी कोचला आधीच सांगितलं, की दर पाच सेकंदांनी मी डावं मनगट बघणार आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी हात हलवून, उजव्या कमरेला हात नेऊन पॅराशूट ओढायची ॲक्शन करणार. मनगटावर काही नसलं तरी बघा. हात मागे नेताना तोल जातो, तोही इथेच सुधारून घ्या.

लेसवाले बूट घाला, चेन, बांगड्या, कानातलं घरीच ठेवा, कानात घालायला प्लग तिथे देतात. खांदा पूर्वी कधी निखळला असेल तर बुकिंगच्या आधीच सांगा, हवेच्या जोरानं हात सारखे मागे ओढले जातात.