टकोमाला लावलेला स्नोप्लाउ: एका हिवाळ्यानंतर, आणि एका रबरी टोपीबद्दल

फिटिंगसकट ५,२०० डॉलर मोजून घेतलेला प्लाउ, म्हणजे गाडीच्या पुढे लावायचं बर्फ ढकलणारं पातं, प्लगवरच्या नऊ डॉलरच्या रबरी टोपीपायी बंद पडला. तोही भर वादळात, पातं खाली टेकलेलं असताना. डीलर म्हणतो, हे वॉरंटीत बसत नाही. त्याच संतापात लिहायला बसलोय हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे टोपीवर जरा जास्त बोललो तर समजून घ्याल. डिसेंबरअखेर कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते.

गाडी २०१७ ची टोयोटा टकोमा पिकअप, व्ही-सिक्स, फोर व्हील ड्राइव्ह. प्लाउ सहा फूट आठ इंची, स्टीलच्या पात्याचा, इलेक्ट्रिक पंपावर चालणाऱ्या हायड्रॉलिकचा. वर-खाली, डावं-उजवं सगळं केबिनमधल्या कंट्रोलरवर. ब्रँड सांगत नाही, वाद अजून मिटलेला नाही. ज्यांना या मापाचा प्लाउ घ्यायचाय त्यांनी तोवर ब्रोशर पाठ केलेलंच असतं, त्यामुळे ती उजळणी इथे करत नाही.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजच्या उत्तरेला, ऑस्विगो काउंटीत राहतो. लेक ऑन्टारिओवरून गार वारा सुटला की बर्फाचा एक अरुंद पट्टा तयार होतो आणि तो ज्याच्या डोक्यावर ठाण मांडेल त्याचं नशीब. पाच मैलांवर ऊन पडलेलं असतं. बफेलोवाल्यांचं लेक एरी उथळ, ते गोठलं की त्यांना फेब्रुवारीत थोडी उसंत मिळते. आमचं ऑन्टारिओ खोल. ते सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे इथला कारभार मार्चपर्यंत चालू. २००७ च्या फेब्रुवारीत याच काउंटीतल्या रेडफिल्डला एका लांबलेल्या वादळात १४१ इंच पडला होता. आम्ही तेवढे आत टग हिलच्या पठाराच्या बाजूला नाही, पण फावड्यावर भागेल असेही नाही.

ड्राइव्हवे दीडशे फूट लांब, बारा फूट रुंद. रस्त्याकडचा भाग डांबरी, घराकडचा खडीचा. दहा इंच ओलसर बर्फ म्हणजे साधारण एक इंच पाणी, चौरस फुटाला पाच पौंडांहून थोडं जास्त. म्हणजे आमच्या दारात एका रात्रीत नऊ हजार पौंडांच्या वर माल येऊन पडतो. लेकवरून येणारा भुसभुशीत बर्फ याच्या निम्म्यानंही भरत नाही, पण तो थांबत नाही ही त्याची खोड. बरीच वर्षं स्नोब्लोअर चालवला, मग कंबर बोलायला लागली तेव्हा कंत्राटदार लावला. सीझनचे ५५० डॉलर. अट अशी की तीन इंचांच्या वर पडला तरच येणार, आणि येणार तेव्हा येणार. सकाळी सातला मला निघायचं असतं, हा गृहस्थ साडेनऊला हजर.

प्लाउ घेतो म्हटल्यावर बायकोनं लगेच भागाकार केला. ५,२०० भागिले ५५०, साडेनऊ हिवाळे. "तोवर गाडी तरी टिकेल का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आईनं पातं पाहिलं आणि म्हणाली, "अरे, जेसीबी घेतलास का तू?"

आता वजनाचं बोलतो, कारण छोट्या पिकअपचा खरा प्रश्न तोच. फोर्डच्या सुपर ड्युटीसारख्या मोठ्या गाड्यांना कंपनीच प्लाउ-प्रेप देते, जाड स्प्रिंगा, मोठा अल्टरनेटर वगैरे. टकोमाला तसलं काही नाही. माझा प्लाउ ३५० पौंडांचा. पण तो पुढच्या आक्सलवर नाही, त्याच्याही चारेक फूट पुढे लटकतो. त्यामुळे तरफेच्या हिशेबानं पुढच्या आक्सलवर ४८० च्या आसपास भार वाढतो आणि मागचा आक्सल १३० नं हलका होतो. हे आकडे ब्रोशरमध्ये कुणी छापत नाही. विश्वास नसेल तर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) गाडी एकदा प्लाउसकट आणि एकदा प्लाउशिवाय चढवा, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पुढच्या आक्सलची मर्यादा लिहिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. टाकी भरलेली, पुढे दोन माणसं बसलेली, असंच तोला. रिकाम्या गाडीचं वजन काही कामाचं नाही.

त्यावर उतारा म्हणजे मागे वजन. ट्यूब सँडच्या, म्हणजे वाळूच्या लांबट साठ पौंडी चार पिशव्या टेलगेटला (मागच्या फळीला) लागून, पट्ट्यांनी घट्ट बांधून. आक्सलच्या वर ठेवून उपयोग नाही, आक्सलच्या मागे हव्यात, तरच पुढचा भार थोडा उचलला जातो. आणि बांधायलाच हव्यात. नाहीतर जोरात ब्रेक मारला की त्या घसरत केबिनच्या भिंतीवर येऊन आदळतात. पुढच्या सस्पेन्शनला टिंब्रेनचे रबरी स्टॉप लावले, १९० डॉलर, घरीच बसवले. नाक अजूनही इंचभर खाली असतं, पण खड्ड्यात धाडकन आपटणं थांबलं.

काम कसं करतो? सुरुवातीला फारच छान. फोर व्हील ड्राइव्हच्या लो रेंजमध्ये टाकायचं, दहा मैलांच्या आत वेग ठेवायचा, पातं तिरकं करायचं आणि बर्फ कडेला गुंडाळत जातो ते बघत बसायचं. स्नोब्लोअरवर ज्यात सकाळ जायची ते चहा निवायच्या आत होतं. माझी मुलगी केबिनमध्ये बसून कंट्रोलर चालवायला मागते, यावरून काय ते समजा.

एक गोष्ट मात्र विक्रेता सांगत नाही. पातं सरळ असताना ८० इंच. तीस अंश तिरकं केलं की प्रत्यक्षात साफ होतो तो पट्टा ६९ इंचांचा. टकोमाच्या चाकांची बाहेरून बाहेरपर्यंत रुंदी ७३ च्या आसपास. म्हणजे तिरक्या पात्यानं जाताना दोन्ही बाजूंची चाकं दोन-दोन इंच बर्फ दाबत जातात, आणि दाबलेला बर्फ रात्रीत काच होतो. उपाय एवढाच, पुढची फेरी आधीच्या फेरीवर चांगली फूटभर चढवायची. सात फुटी पातं घेतलं असतं तर हे टळलं असतं, पण मग वजन पुन्हा वाढलं असतं.

खडीवर पातं अंगठाभर वर ठेवा, जमीन गोठेपर्यंत तर नक्कीच. आणि डिसेंबरातल्या पहिल्या बर्फाला आळस करू नका. तो जितका लांब ढकलता येईल तितका ढकला. तो ढीग गोठतो आणि भिंत होतो. फेब्रुवारीत नवा बर्फ टाकायला जागा उरत नाही. समोरच्या बाजूला ढकलू म्हणाल तर न्यूयॉर्कमध्ये आपला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर टाकणं बेकायदा आहे. माझा बर्फ सगळा माझ्याच लॉनवर. एप्रिलमध्ये लॉनची जी दशा होते तो वेगळा विषय.

आता टोपी.

प्लाउ काढून ठेवला की गाडीच्या बाजूचा पॉवर प्लग ग्रिलखाली लोंबकळत राहतो. पंपाला लागणारा सगळा करंट त्याच्यातून जातो, त्यामुळे तो चांगला जाडजूड आहे. त्यावर एक रबरी टोपी, रबराच्याच बारीक पट्टीनं जोडलेली. उणे पंधरा फॅरनहाइटला ही पट्टी बिस्किटासारखी मोडते. मोडली, आणि टोपी आय-८१ हायवेवर कुठेतरी पडली. मी रोज त्याच गाडीनं कामाला जातो. या भागात रस्त्यावर मीठ किती टाकतात ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. वादळाच्या आधी मिठाचं पाणी फवारतात, नंतर कोरडं मीठ. सिरॅक्यूजला मिठाचं शहर म्हणतात ते जुन्या मिठागरांमुळे, पण आताही नाव शोभतं. ते सगळं पाणी उघड्या प्लगच्या तोंडात.

जानेवारीत रात्रभर पडला. सकाळी काउंटीच्या प्लाउनं ड्राइव्हवेच्या तोंडाशी नेहमीची दगडी वरवंडी करून ठेवली होती. ती फोडली, गाडीचं नाक रस्त्यावर आलं, पातं उचलायचं बटण दाबलं. बॉनेटखालून फक्त 'टक'. पुन्हा 'टक'. पातं जागचं हलेना. रस्त्यावरून ट्रक येताना दिसला तेव्हा पातं तसंच फरफटत रिव्हर्स मारून आत आलो. खडीवर पडलेले ओरखडे अजून आहेत.

इथे एक उपयोगाची गोष्ट सांगतो. 'टक' ऐकू येतंय म्हणजे कंट्रोलर आणि सोलेनॉइडपर्यंतचं (पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचपर्यंतचं) सर्किट बहुधा ठीक आहे, करंट पुढे पोचत नाहीये. मल्टिमीटरची एक सुई प्लगच्या अलीकडे, दुसरी पलीकडे लावा आणि कुणालातरी बटण दाबायला सांगा. जोडणी चांगली असेल तर मीटरवर जेमतेम काही दिसतं. माझ्या प्लगवर दोन व्होल्टच्या वर दिसत होते, म्हणजे पंपाचा घास प्लगच खात होता. उघडला तर आत हिरवी भुकटी. नुसतं बॅटरीचं व्होल्टेज मोजून काहीही कळत नाही, ते बारा-साडेबारा दाखवतच राहतं.

डीलरकडे गेलो. गंज वॉरंटीत नाही, म्हणे. प्लगला डायइलेक्ट्रिक (ओलावा अडवणारं) ग्रीस लावणं मालकाचं काम, म्हणे. मी म्हटलं, ग्रीस लावलं होतं, टोपी नसेल तर ग्रीस काय छत्री धरणार का? तो म्हणाला, टोपी ही झिजणारी वस्तू आहे. म्हणजे पात्याखालची कडा झिजते ते समजतं, स्टील डांबरावर घासतंय. टोपी कशावर घासते? ती नुसती झाकून बसते. गाडीच्या बाजूचं अख्खं हार्नेस (प्लगसकट सगळं वायरिंग) बदलायला ३८० डॉलर आणि वर मजुरी, असा अंदाज त्यानं हसत हसत हातात दिला. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि घरी आलो.

तांब्याचे दोन नवे कॉन्टॅक्ट आणि हाउसिंग, २८ डॉलर. क्रिंपिंगचं, म्हणजे कॉन्टॅक्ट तारेवर दाबून बसवायचं, मोठं हत्यार कामावरच्या एकाकडून मागून आणलं. केबलच्या टोकाला काळपट तार निघाली ती चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत गेलो, मग क्रिंप, मग ग्रीस, मग वरून हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी, आतून गोंद असलेली नळी. बॅटरीची केबल आधी काढून ठेवा, हे लिहायची गरज नाही पण लिहितो. टोपीच्या जागी मुलीच्या जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा, एका टोकाला गाठ मारून. दिसायला भिकार आहे. पण पाणी शिरत नाही, आणि थंडीत मोडला तर अजून बरीच ट्यूब शिल्लक आहे.

इथवर फेब्रुवारीत लिहिलं होतं. आता मार्च संपत आलाय, आणि काही मतं बदलली आहेत.

एक, ट्रिप स्प्रिंगा. पातं कशाला अडकलं की पुढे कलंडतं आणि पुन्हा धाडकन उभं राहतं. तो आवाज मला निकृष्ट मालाचा वाटायचा, आणि वरच्या मजकुरात त्यावर एक अख्खा परिच्छेद होता. तो काढून टाकला. महिन्याच्या सुरुवातीला गोठण-वितळण होऊन डांबराची एक कडा उचकटली होती, बर्फाखाली दिसली नाही. पातं कलंडलं, कडेवरून गेलं, उभं राहिलं. फ्रेमला काही नाही, स्टीअरिंगला काही नाही. स्प्रिंगा नसत्या तर तो धक्का थेट गाडीच्या फ्रेमनं खाल्ला असता.

दुसरं, गाडीचा आकार. जानेवारीत मला वाटत होतं की एखादी जुनी, मोठी पाऊण टनी पिकअप घ्यायला हवी होती. शेजाऱ्याकडे तशी आहे. त्याला आमच्या गॅरेजसमोर वळता येत नाही, मागे-पुढे करत बसावं लागतं. टकोमा एका दमात वळते. गॅरेजच्या दारापासून पातं टेकवून मागे ओढायचं, मग वळून ढकलायचं, हे अरुंद जागेत छोटीच गाडी करू जाणे. उन्हाळ्यात पेट्रोलचा फरक दिसेल तो वेगळाच.

तिसरं, टोपी. परवा दुसऱ्या कामासाठी डीलरच्या काउंटरवर गेलो तर भिंतीवर नव्या टोप्या टांगलेल्या. जाड रबर, आणि पट्टीच्या जागी बारीक साखळी. म्हणजे कंपनीला पट्टी मोडते हे माहीत होतं! माहीत असल्याशिवाय साखळी कोण लावतं? किंमत तीच, नऊ डॉलर. घेतली. सायकलची ट्यूब तरी काढलेली नाही, साखळीवाली तिच्यावर चढवलीय. चार तारे देतोय, पाचवा या टोपीनं खाल्ला. हे अन्याय्य आहे असं बायकोचं मत, आणि पाचवा तारा दिला तर अन्याय्य होईल असं माझं.

लांब जायचं असेल तर पातं थोडं तिरकं करून ठेवा, सरळ पातं रेडिएटरची हवा अडवतं, थंडीतही तापमानाचा काटा चढतो. हायड्रॉलिकमध्ये कमी तापमानाचं जे तेल सांगितलंय तेच घाला. सीझन संपला की सिलिंडरचे दांडे पूर्ण आत जातील अशा स्थितीत प्लाउ उभा करा, आणि जो दांडा थोडाफार बाहेर राहील त्यावर ग्रीसचा जाड थर द्या. उघड्या क्रोमवर गंजाचा एक ठिपका पडला की पुढच्या वर्षी तो सील फाडतो.

टकोमाचं पुढचं अलाइनमेंट मात्र बिघडलंय. स्टीअरिंग सोडलं की गाडी उजवीकडे सरकते, आणि टायर आतल्या कडेनं घासायला लागलेत. एप्रिलात करून घ्यायचंय, १२० डॉलर सांगितलेत. बायकोच्या वहीत प्लाउच्या पानावर टिंब्रेन, वाळू, तांब्याचे कॉन्टॅक्ट आणि दोन्ही टोप्या वेगवेगळ्या ओळींवर आहेत, सायकलची ट्यूबसुद्धा शून्य किंमत लावून. अलाइनमेंटची पावती आली की हिशेब दहा हिवाळ्यांच्या पुढे जातो, हे तिनं आत्ताच सांगून ठेवलंय.