बीएलएस आणि एसीएलएसचे तीन दिवस: वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकेच्या नजरेतून

मेडिसिन वॉर्डात काम करताना मी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबून आणि श्वास देऊन केलेला उपचार, अनेकदा दिला आहे आणि तो आपल्याला नीट येतो, असेच इतकी वर्षे समजत होते. गेल्या महिन्यात नाशिकहून पुण्याला जाऊन एका प्रशिक्षण केंद्रात अमेरिकन हार्ट असोसिएशनचे बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) आणि एसीएलएस (हृदयविकारातील प्रगत जीवरक्षण) हे दोन्ही अभ्यासक्रम सलग तीन दिवसांत पूर्ण केले. पहिला दिवस बीएलएसचा आणि पुढचे दोन दिवस एसीएलएसचे होते. शुल्क माझ्या महिन्याच्या घरभाड्याच्या आसपास गेले, ते मी स्वतःच्या खिशातून भरले आणि साठवलेले ऑफ त्यासाठी खर्च केले. माझ्यासारख्या अनेक जणी हाच हिशोब मांडून जावे की जाऊ नये, या विचारात असतात. त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णाचे हृदय बंद पडते, तेव्हा डॉक्टर पोहोचेपर्यंतची पहिली मिनिटे सिस्टरच्याच हातात असतात. विजेचा झटका देऊन सुधारता येण्याजोगी हृदयाची लय असलेल्या रुग्णाला सीपीआर मिळाला नाही, तर उशिराच्या प्रत्येक मिनिटाला त्याची वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. त्यामुळे हे प्रशिक्षण अतिदक्षता विभागापुरते आहे, ही अनेक रुग्णालयांतील समजूत मला चुकीची वाटते. आयसीयूत रुग्ण मॉनिटरवर असतो आणि मदतीचे हात जवळ असतात. जनरल वॉर्डात मात्र तीस-चाळीस रुग्णांमागे रात्री एक किंवा दोन सिस्टर असतात.

पहिल्याच दिवशी माझा समज उतरला. आम्ही सहा जणी होतो आणि दोन मॅनिकिन, म्हणजे सरावाचे पुतळे, होते. मॅनिकिनला जोडलेल्या टॅबलेटवर दाबाचा वेग, खोली आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येते की नाही, हे तिथल्या तिथे दिसत होते. माझा वेग मिनिटाला १०० ते १२० या मर्यादेत होता, खोलीही ५ ते ६ सेंटिमीटरच्या पट्टीत बसत होती, पण तिसरी रेघ सतत पिवळी पडत होती. प्रशिक्षक मॅडम शेजारी गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, दाब सोडताना तुमचं वजन हातावरच राहतंय. छाती पूर्ण वर येऊ द्या, नाहीतर हृदयात रक्त भरणार कसं?" इतक्या वर्षांत ही चूक मला कोणीही दाखवली नव्हती, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. तळहाताची टाच छातीवरून न उचलता फक्त खांद्यांतला भार काढून घ्यायचा, ही गोष्ट हाताला कळायला मला सहा-सात फेऱ्या लागल्या. या एका दुरुस्तीसाठीसुद्धा मी पुन्हा तेवढेच पैसे भरले असते.

एसीएलएसच्या दोन दिवसांत मॉनिटरवर हृदयाची लय ओळखणे, विजेचा झटका कधी द्यायचा आणि कधी द्यायचा नाही, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन, अमिओडॅरोन या लय सुधारणाऱ्या औषधाचा पहिला ३०० आणि दुसरा १५० मिलिग्रॅमचा डोस हे सारे आले. ते पुस्तकातही सापडते. पुस्तकात सापडत नाही ती शेवटच्या दिवशीची सामूहिक तालीम. तीत प्रत्येकीला आळीपाळीने गटप्रमुख व्हावे लागते. प्रमुखाने नाव घेऊन सूचना द्यायची, जिला सांगितले तिने ती मोठ्याने परत उच्चारायची आणि काम झाल्यावर वेळेसह पुन्हा सांगायचे. "ॲड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम दिले, अकरा वाजून सात मिनिटे." आमच्याकडे कोड ब्लूच्या, म्हणजे रुग्णाचे हृदय बंद पडल्यावर दिलेल्या तातडीच्या हाकेच्या, वेळी पाच जण एकदम बोलतात आणि ॲड्रेनॅलिन दोनदा गेले की एकदाही गेले नाही, हे नंतर रिकामे ॲम्प्युल मोजून ठरवावे लागते. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांना त्या एका वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको.

याच तालमीत एक अवघड गोष्टही करवून घेतली गेली. दाब देणारे डॉक्टर थकले आहेत, दाब उथळ होत चालले आहेत, हे शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरने स्पष्ट शब्दांत सांगायचे होते. आमच्यातल्या चौघी पहिल्या फेरीत गप्प राहिल्या आणि त्यांत मीही होते. "सर, दोन मिनिटे झाली, मी घेते," एवढे म्हणायला दुसरी फेरी लागली. दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलावी आणि मधला खंड १० सेकंदांपेक्षा कमी असावा, हा नियम आम्हा सर्वांना पाठ होता. तो पदाने मोठ्या माणसासमोर उच्चारण्याचा सराव मात्र कोणत्याही नर्सिंग शाळेने दिला नव्हता.

आता उणिवा. सर्व सराव जमिनीवर ठेवलेल्या मॅनिकिनवर झाला आणि ही या केंद्राची मोठी चूक आहे, असे माझे मत आहे. आमचा रुग्ण जमिनीवर नसतो, तो मऊ गादीवर आणि उंच खाटेवर असतो. गादी दबते आणि छाती तेवढी दबत नाही, म्हणून पाठीखाली फळी सरकवावी लागते, हवेची गादी असेल तर हवा सोडावी लागते आणि बुटक्या बाईला फूटस्टेपवर चढल्याशिवाय खांदे हातांच्या सरळ रेषेत आणताच येत नाहीत. केंद्रात एक खाट असती, तर हे सारे अर्ध्या तासात शिकवता आले असते.

दुसरी उणीव भाषेची आहे. चित्रफिती इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत आणि लेखी परीक्षाही इंग्रजीत, ज्यात उत्तीर्ण होण्यास ८४ टक्के गुण लागतात. आमच्या गटात मराठी माध्यमातून शिकून जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या, पंचवीस वर्षांच्या अनुभवाच्या एक ताई होत्या. त्यांचे हात आमच्या सर्वांपेक्षा चांगले चालत होते, पण प्रश्नांची लांबलचक वाक्ये वाचताना त्या घामाघूम झाल्या. प्रशिक्षकांनी सुट्टीच्या वेळेत त्यांना मराठीतून सगळे समजावले, त्याबद्दल त्यांचे आभार. तरीही ही व्यवस्था एखाद्या प्रशिक्षकाच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये.

आणखी एक व्यावहारिक सूचना. असोसिएशनचे प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणासाठी लागणारे सीएनईचे (निरंतर नर्सिंग शिक्षणाचे) क्रेडिट तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना क्रेडिटही हवे आहे त्यांनी पैसे भरण्यापूर्वी केंद्राकडून त्याविषयी लेखी उत्तर घ्यावे. नाईट ड्युटी संपवून थेट वर्गात बसण्याचा विचारही करू नये. दाब देण्याची परीक्षा झोपेअभावी थकलेल्या हातांनी देता येत नाही.

प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, पण हातातले कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागते. दर तीन महिन्यांनी थोडा थोडा सराव करून घेण्याची पद्धत खुद्द अमेरिकन हार्ट असोसिएशनने पुढे आणली आहे. या केंद्रात तशी कोणतीही सोय नाही आणि विचारल्यावर दोन वर्षांनी पुन्हा या, एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आम्ही मेट्रन मॅडमना विनंती करून नर्सिंग शाळेतले जुने मॅनिकिन आठवड्यातून एकदा वॉर्डात मागवून घेतो. दुपारच्या ओव्हरनंतर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवून झाल्यावर) ते रिकाम्या खाटेवर ठेवायचे, पाठीखाली फळी सरकवायची आणि प्रत्येकीने दोन मिनिटे दाब द्यायचे. त्याला टॅबलेट नाही, म्हणून शेजारी एक जण खाली वाकून केवळ छाती पूर्ण वर येते का, हेच पाहत राहते.