सोनं खरं निघालं, होन खोटा

अस्सल शिवकालीन होन घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे सोन्याचं नाणं, आणि आज फार थोडे उरलेत. म्हणून मी वर्षानुवर्षं प्रतिकृतीच जमवत आलो. त्यात मला कमीपणा कधीच वाटला नाही.

मागच्या दिवाळीआधी ओळखीतून एक तरुण घरी आला. "काका, घराचा पाया खणताना गाडगं लागलं. पाच होन आहेत." एक नाणं त्यानं आपणहून हातात ठेवलं, "हव्या त्या सोनाराकडे दाखवा," म्हणाला. दाखवलं. मशीनवर बावीस कॅरेट आलं, वजन २.८ ग्रॅम, म्हणजे होनाला साजेसंच. माझा जीव त्यात अडकला.

"फक्त जाणकारांना दाखवू नका, सरकारजमा होईल," एवढीच त्याची अट. इथेच मी अडकलो. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा १८७८ चा कायदा मला माहीत होता. शंभर वर्षांवरच्या वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, हेही ठाऊक होतं. तरी गप्प बसलो, याची लाज वाटते. चार लाख रोख दिले, पावती नाही.

उरलेली चार नाणी तो गेल्यावर तोलली. एकेक जेमतेम १.३ ग्रॅम. मुलामा दिलेलं पितळ! सोन्याएवढ्याच आकाराचं पितळ निम्म्याहून हलकं भरतं. चुंबकानं मात्र काही कळत नाही, तो दोघांनाही ओढत नाही.

पण सोन्याचं तरी खरं, असं मनाला समजावत होतो. भिंगाखाली पाचही शेजारी ठेवली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पाचहींवर 'शि'ची वेलांटी एकाच जागी तुटलेली, कडेचे तेच ठिपके कापलेले. जुनी नाणी हातोड्यानं एकेक ठोकलेली. ठसा कधी इकडे सरकतो, कधी तिकडे, अक्षरं अर्धी बाहेर जातात. पाच नाणी अशी तंतोतंत जुळणं शक्यच नाही. ही एकाच साच्यातून ओतलेली होती. सोन्याचं होतं तेही. मशीन धातू सांगतं, वय नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याचा फोन बंद आहे. ठाण्यातून नाणी परत मिळाली की पाचहींच्या कडेवर 'प्रतिकृती' असं कोरून घेणार आहे, माझ्यामागे ती कुणाला अस्सल म्हणून विकली जाऊ नयेत.