अफगाण कुटुंबासाठी संसार सेट: काय ठेवावं, काय बदलून घ्यावं

महाद्वार रोड परिसरातल्या भांड्यांच्या दुकानांत लग्नाच्या आहेरासाठी तयार संसार सेट मिळतो. कोल्हापुरात राहायला येणाऱ्या अफगाण निर्वासित कुटुंबाला एखादं तालीम मंडळ किंवा महिला मंडळ तो देणार असेल, तर वस्तू चांगलीच आहे: जाड स्टील, नीट दुमडलेले काठ, घट्ट झाकणं. पण हा सेट आपल्या पोळी-भाजी-आमटीच्या घरासाठी जुळवलेला असतो. जसाच्या तसा दिला तर निम्मा माळ्यावर जाईल.

पहिली अडचण भाताची. अफगाणांचा काबुली पुलाव कुकरच्या शिट्ट्यांवर करत नाहीत. तांदूळ भिजवून, मिठाच्या उकळत्या पाण्यात अर्धवट शिजवून गाळतात. मग मटण आणि त्याच्या रश्श्यावर रचून मंद आचेवर दम देतात. वर परतलेलं गाजर आणि बेदाणे. सात-आठ माणसांसाठी याला जाड बुडाचं दहा लिटरचं पातेलं आणि मोठी चाळण लागते. वाट्यांची चळत आणि दोन लहान पातेली परत करून त्या बदल्यात हे घ्या. कुकर मात्र ठेवा, मटणाला आणि राजम्याला तो त्यांच्याकडेही लागतो. फक्त पाच लिटरपेक्षा लहान नको. तांदूळ देताना लोक प्रेमानं आजरा घनसाळ किंवा आंबेमोहोर देतात. तो मऊ, एकमेकांना धरणारा तांदूळ. दमात त्याचा गिचका होतो. लक्ष्मीपुरीत सेला, म्हणजे उकडा बासमती मागा. दोन तास भिजवावा लागतो, पण शीत मोडत नाही. बेदाणा तासगावचा उत्तम.

त्यांचं जेवण जमिनीवर दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर अंथरून, बऱ्याचदा एका मोठ्या थाळीत दोघा-तिघांचं. म्हणून सहा ताटांपैकी तीन देऊन दोन मोठ्या थाळ्या घ्या. बिनदुधाच्या हिरव्या चहासाठी किटली, थर्मास आणि काचेचे पेले हवेत. सेटमध्ये यातलं काहीच नसतं. मसाल्याच्या डब्यात जिरे, धणे, मिरी, वेलदोडे, हळद भरा. आपली कांदा-लसूण चटणी नको, त्यांचं जेवण फारसं तिखट नसतं.

इंधनाचा विचार दुकानात कुणी करून देत नाही. आधार आणि पत्त्याचा पुरावा नसेल तर घरगुती गॅस जोडणी अडते. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. इंडक्शन देणार असाल तर भांडी चुंबक लावून बघून घ्या, चुंबक चिकटला नाही तर ते भांडं तापणार नाही. 2000 वॅटच्या शेगडीला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. जुन्या खोल्यांतल्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर ती चालवली तर प्लग वितळू शकतो.

सामान पोचवायच्या आधी घरमालकानं परदेशी भाडेकरूची ऑनलाइन माहिती भरली का, हे विचारा. ती 24 तासांच्या आत द्यायची असते. दिल्लीहून मिळालेलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्ड असलं तरी ही नोंद चुकत नाही.

दुकानदार भांड्यांवर मशीननं नाव घालून देतात. देणाऱ्या मंडळाचं नाव अजिबात घालू नका. रोज ज्या थाळीत जेवायचं, तिच्यावर उपकार कोरलेला कुणाला आवडेल? शिवाय नाव घातलेलं भांडं दुकान बदलून देत नाही.

1943 पासून काही वर्षं शेजारच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना जागा देणाऱ्या या गावात मदतीला माणसं कमी पडत नाहीत. कमी पडते ती आधीची चौकशी. सगळी अफगाण कुटुंबं मुस्लिम नसतात, शीख आणि हिंदूही आहेत. हलाल मटण सगळ्यांना चालेल असं धरू नका. त्यामुळं आमचं मत असं: अर्धाच सेट घ्या, उरलेली रक्कम दुकानात जमा ठेवा आणि दारी किंवा पश्तो भाषा बोलणारं कुणी सोबत घेऊन घरातल्या बाईंनाच निवडू द्या. तसं कुणी मिळालं नाही, तरी भांडी हात लावून दाखवता येतात. बिल त्यांच्याच नावानं करा, म्हणजे पुढं बदलायला त्या स्वतः जाऊ शकतील.