राजारामपुरीतलं पार्लर: केस काळे करायला गेले, कुणी कारण विचारलं नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीत औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर हे पार्लर आहे. खुर्च्या दोनच. पायऱ्या उंच, गुडघेदुखी असेल तर बेताने चढा. रविवारी जाऊ नका, मला सव्वा तास बसावं लागलं.

मी 57 वर्षांची. मिस्टरांना जाऊन 14 महिने झाले. केस कमरेपर्यंत आहेत, आणि पंधरा-सोळा वर्षं मी ते नेमाने काळे करत आले होते. ते गेले आणि राहून गेलं. बघता बघता जवळजवळ वीतभर पांढरं उतरलं. पुतणीचं लग्न ठरलं तशी मी माझ्या नेहमीच्या पार्लरमध्ये गेले. तिथल्या बाईंनी केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काकू, आता कशाला? लोक काय म्हणतील? मेंदी लावा हवं तर." मी काही न बोलता चप्पल घातली आणि खाली उतरले. रिक्षात रडू आवरलं नाही.

आमच्या घरात आजेसासऱ्यांच्या बहिणीचा एक फोटो आहे, आलवण, म्हणजे केशवपन केलेल्या विधवांचं तांबडं लुगडं, कपाळावर ओढलेलं. 1890 साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं, हे वाचल्यापासून तो फोटो बघितला की मला ते न्हावी आठवतात. वस्तरा त्यांच्याच हातात होता, आणि नको म्हणालेही तेच. म्हणून पार्लरवालीचं "आता कशाला" मला फार लागलं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. तिथल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, तेव्हा आम्ही सगळ्या किती बोललो होतो! पण केसांच्या रंगाचा ठराव कोण करणार? ते नुसत्या नजरेवर चालतं.

इथल्या मुलीने एवढंच विचारलं, "काकू, आधी कुठला रंग लावत होतात? खाज यायची का?" यायची, काळ्या मेंदीने. तिने सांगितलं की साधी मेंदी लालसरच रंगते, काळ्या मेंदीच्या पुड्यांत बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन घातलेलं असतं, आणि बऱ्याच काळ्या डायमध्येही तेच असतं. मग कानामागे थेंबभर रंग लावून तिने मला घरी पाठवलं, 48 तासांनी या म्हणाली. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. खाज आली नाही, पण माझं आधीचं ऐकून तिने काळ्याऐवजी पीपीडी नसलेला गडद तपकिरी रंग सुचवला. तो थोडा लवकर उतरतो, हेही आधीच सांगितलं.

रंग लावायच्या आधी कपाळाच्या कडेने व्हॅसलीन फिरवताना ती थांबली. मी बारीक काळी टिकली लावते. "काढून ठेवू का?" म्हणाली, आणि नखाने अलगद काढून आरशाच्या कडेला चिकटवली. शेपटीच्या कंगव्याने एकेक भांग पाडत तिने सगळ्या डोक्याला रंग लावला, सव्वा तास तरी लागला. मध्ये दुसरी ट्यूब फोडायच्या आधी विचारलं, त्याचे 200 जास्त होतील म्हणून. एकूण 1400 झाले. मला महाग वाटले नाहीत. गीझर मात्र लहान आहे, माझ्यासारखे लांब केस असले तर शेवटचं पाणी गारच येतं. ते त्यांनी बदलायला हवं.

केस वाळवून वेणी घातल्यावर तिने आरशावरची टिकली काढून माझ्या हातात दिली. मी लावली.

जाऊबाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. बुधवारी त्यांना घेऊन जाणार आहे, आधी कानामागची टेस्ट करायला.